गुरूमेस्त्रींची चेन

गुरूमेस्त्री मोटरसायकलवरून स्पितीला जाणार, तेही एकटे, ही बातमी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर आली तेव्हा ती कोणी खरी धरली नाही. स्पिती नक्की कुठे आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांनी ठाऊक असल्याचा आव आणला. "काश्मीरच्या वर, चीनच्या वायच अलीकडे," असं भागोजी तांडेलाने जाहीर केलं आणि दिशा दाखवायला हात केला तो बर्फाच्या कारखान्याकडे. स्पिती हिमाचलात आहे आणि हिमाचल त्या बाजूला नाही, पण बर्फाशी संबंध जुळला, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

गुरुप्रसाद मयेकर म्हणजे ट्रॉलरच्या इंजिनांचे मेस्त्री. वय सत्तावन्न, त्यातली पस्तीस वर्षं डिझेलच्या वासात गेलेली. चालत्या इंजिनाला नुसता कान लावून कुठला नोझल रुसलाय ते सांगायचे. हे गुण झाले. अवगुण एकच, पण चांगला पोसलेला होता: आपलं चुकलं असं या माणसाने जन्मात कबूल केलेलं नव्हतं. त्यांनी जुळवून दिलेलं इंजिन भर समुद्रात बंद पडलं, तर डिझेल वाईट असे, बोट हाकणारा तांडेल वाईट असे, फारच झालं तर समुद्र वाईट असे. मेस्त्री कधीच वाईट नसत.

या एका अवगुणापायी त्यांची एकुलती एक मुलगी सव्वादोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती.

तेजस्वी सिव्हिल इंजिनियर झाली तेव्हा मेस्त्रींनी जेटीवर पेढे वाटले. तिने रत्नागिरीतच कुठल्यातरी कचेरीत चिकटावं असा त्यांचा बेत होता. तिने नोकरी धरली ती पूल बांधणाऱ्या कंपनीत, आणि पूल होता स्पितीत. निघायच्या दिवशी मेस्त्री दारात उभे राहून म्हणाले, "डोंगरात पूल बांधायचं काम तुझ्याच्यानं व्हायचं नाय. म्हयन्यात परत येशील."

"बरं," ती म्हणाली. "परत आले की बोलू."

मेस्त्री तिला स्टेशनवर सोडायला गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एक धडधाकट इंजिन उगाच खोलून पुन्हा बसवलं. महिना गेला, वर्ष गेलं, दुसरं गेलं. तेजस्वी परत आली नाही. गणपतीला अख्खं कोकण घरी येतं, ज्यांचं घरी कोणाशी पटत नाही तेसुद्धा येतात, पण मयेकरांच्या घरी तीन गणपती तिच्याविना बसले आणि तिच्याविना गेले. बर्फ पडायच्या आत काम उरकायचं असतं, असं ती आईला सांगे. ते खोटंही नव्हतं.

फोन मात्र रोज संध्याकाळी येई. तेजस्वीची आई, सगुणावहिनी, तो स्पीकरवर टाकून मधे पाटावर ठेवत आणि स्वतः भाजी निवडत बसत.

"आई, बाबांना सांग, बीपीची गोळी वेळेवर घ्या."

तीन फुटांवर बसलेले मेस्त्री म्हणत, "तिला सांग, घेतो."

"घेतो म्हणतायत गो."

"ऐकलं," तेजस्वी म्हणे. "त्यांना सांग, काल नाही घेतली."

"तिला सांग, काल विसरलो नाय, गोळ्या संपल्या होत्या."

असं हे रोज चाले. सगुणावहिनींच्या भाज्या निवडून संपत, पण या दोघांचं बोलणं सुरू होत नसे. दोघांपैकी कोणीतरी एकदा मधली बाई वगळावी, एवढीच त्या माउलीची इच्छा होती. वगळणार कोण, एवढाच प्रश्न होता.

या वर्षीचं विसर्जन करून आले त्या संध्याकाळी मेस्त्रींनी ओल्या पायांनीच सांगून टाकलं, की बोटी सगळ्या बाहेर पडल्या आहेत, आता महिनाभर काम नाही, तेव्हा मी जरा देश बघून येतो. कुठला देश? तर स्पिती. सगुणावहिनींनी चेहरा अगदी सरळ ठेवला. "बघा की," त्या म्हणाल्या. "वाटेत लेक लागली तर तीही बघा."

मोटरसायकलच का, याचा हिशेब मेस्त्रींच्या डोक्यात पक्का होता. रेल्वेने जाणं म्हणजे मुलीकडे जाणं. मोटरसायकलने जाणं म्हणजे देश बघणं, आणि देश बघताना मधे मुलगी आली तर त्याला माणूस काय करणार? भागोजीने मागे बसून यायची तयारी दाखवली, ती त्यांनी उडवून लावली. तिथे जे काही होईल ते जेटीवर यायला नको होतं. मुलीने तोंड फिरवलं तर तेही एकट्यानेच बघायचं होतं.

मग गाडीची तयारी सुरू झाली. बारा वर्षांची दीडशे सीसीची गाडी, पण मेस्त्रींच्या हाताखालची. खाऱ्या वाऱ्याच्या गावात लोखंड कसं जपायचं हे मिरकरवाड्यात कोणाला शिकवावं लागत नाही. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल घ्यायचं, त्यात ग्रीस कालवायचं आणि ब्रशने गाडीला खालून फासायचं. बोल्ट, तारा, चेन, स्प्रॉकेट, काही सुटता कामा नये. जेटीवरची प्रत्येक गाडी अशी काळी, चिकट आणि निरोगी असते. मेस्त्रींनी लांबचा प्रवास म्हणून दोन हात जास्तच दिले. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यातला एक अग्रलेख पूर्ण काळा झाला.

संध्याकाळी सगुणावहिनींनी फोनवर हे सगळं सांगताच तेजस्वीचा आवाज एकदम चढला. "आई, त्यांना सांग, तेल फासू नका! इथे पाऊस नाही, खारा वारा नाही, नुसती धूळ आहे. चेन कोरडी पुसून ठेवा म्हणावं."

"तिला सांग," मेस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले, "मी पस्तीस वर्षं इंजिनं खोलतोय."

"ऐकलं," तेजस्वी म्हणाली आणि त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

निघताना मेस्त्रींच्या पेटीत प्लग होते, केबली होत्या, ट्यूब होत्या, चेनचा एक सुटा जोडही होता, आणि सगुणावहिनींनी दिलेली सुकटीची पिशवी आणि कोकमाच्या आगळाची बाटली होती. नवी चेन तेवढी नव्हती. आपण सांभाळलेली चेन जाऊच शकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. बंदरावर नारळ फुटला, भागोजीने ट्रॉलरचा भोंगा वाजवला आणि मेस्त्री वळणाआड गेले. चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाशी चहा घेऊन त्यांनी घरी फोन केला. सगुणावहिनींनी तो निरोप लगोलग वर स्पितीला पोचवला.

सपाटीवरच्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असं करत मेस्त्री वर सरकत राहिले. रस्ते रुंद, ट्रक मोठे आणि मासे कुठेच नाहीत. ढाब्यावर लोक एमएच शून्य आठची पाटी बघून विचारत, "कहाँ से?" रत्नागिरी म्हटल्यावर हमखास आंब्याची चौकशी होई. सप्टेंबरात आंबा कुठला असायला? पण मेस्त्री पुढल्या मोसमात पाठवायचं कबूल करून टाकत. चंदीगडला पोचेपर्यंत त्यांनी अकरा जणांना आंबे कबूल केले होते. "अकेले?" हा दुसरा प्रश्न ठरलेला. "हां, अकेलाच," ते म्हणत. "दुसरा आदमी लई बडबड करता है." हे सांगून झाल्यावर ते स्वतः तासभर बडबड करत.

एकटं असणं त्यांना पहिले दोन दिवस जड गेलं, मग भलतंच आवडू लागलं. सकाळी उठावं, गाडीला लाथ मारावी आणि सूर्य ज्या खांद्यावर असेल त्या अंदाजाने जावं. कोणी बोटीवर बोलवत नव्हतं, कोणी उधारीवर काम करून मागत नव्हतं. ते हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने गात. आवाज फारसा बरा नव्हता, पण हेल्मेटच्या आत कोण येऊन सांगणार?

रामपूर सोडलं आणि सतलज खोल खाली गेली. किन्नौरमध्ये सफरचंदांनी झाडं वाकली होती आणि एका म्हाताऱ्याने त्यांच्या हेल्मेटमध्ये सात-आठ सफरचंदं भरून दिली. तिथवर झाडं होती. मग जिथे स्पिती नदी सतलजला मिळते तो पूल ओलांडला आणि झाडांनी साथ सोडली. पुढे नुसता डोंगर, तोही उघडा. मे महिन्यातला रत्नागिरीचा कातळाचा सपाट सडा कोणी उचलून उभा करावा आणि त्यावर आणखी चार सडे रचावेत, तसा तो मुलूख होता. तासतास गाडी चालवावी तर समोरून एक माणूस येत नसे. एकदा तीन गाढवं आली. मेस्त्रींनी त्यांनाही हात केला.

हवा पातळ झाली तशी गाडी खोकायला लागली. इथे मेस्त्रींनी आपला हात दाखवला. रस्त्याच्या कडेला बसून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा, अर्धा फेरा असा फिरवत त्यांनी इंजिन असं काही लावलं, की ते मिरकरवाड्यात असल्यासारखं बोलू लागलं. दोन तरुण मोठ्या गाड्या घेऊन खोकत बसले होते, त्यांच्याही गाड्या त्यांनी लावून दिल्या. "अंकल, आप तो गुरू निकले," पोरं म्हणाली. "नावच गुरू आहे," मेस्त्री म्हणाले आणि पुढले वीस किलोमीटर खुशीत गेले.

नाको गावात ते एका घरी उतरले. घरमालकिणीने लोण्याचा खारट चहा दिला. चहात मीठ घालणारी माणसं जगात आहेत हे बघून त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं आणि त्या भरात त्यांनी तिच्या चुलीवर सुकट भाजायला घेतली. वास उठला मात्र, घरातली सगळी माणसं अंगणात. घरमालकिणीचा नवरा काठी घेऊन आला. घरात काहीतरी मरून पडलंय अशी त्याची खात्री झाली होती. खुलासा झाल्यावर सगळे पोट धरून हसले, पण खायला कोणी पुढे झालं नाही. मेस्त्रींनी गच्चीवर बसून एकट्याने सुकट खाल्ली. समोर बर्फाचा एक डोंगर संध्याकाळच्या उन्हात पिवळा पडत होता. तेजूने रोज हेच बघितलं असेल आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही की तिकडे काय दिसतं, असं त्यांच्या मनात आलं.

चेन कुरकुरायला लागली होती ती किन्नौरमध्ये शिरता शिरताच. आधी बारीक 'कर्र कर्र', मग जोरात. मिरकरवाड्यात चेन ओरडली तर त्याचा अर्थ एकच, तिला तेल हवंय. मेस्त्रींनी दिलं. दुसऱ्या दिवशी ती जास्त ओरडली, त्यांनी जास्त दिलं. नाकोपासून तर दर मुक्कामाला तेलाचा नैवेद्य सुरू झाला. दिवसभर त्या तेलावर पिठासारखी बारीक धूळ बसे, रात्री मेस्त्री त्यावर आणखी तेल घालत आणि सकाळी कौतुकाने बघत. रस्त्यात कोणी कोरडी चेन घेऊन जाताना दिसला, की "बिचारा" म्हणत.

ताबो गाव मागे पडलं. काझा शहराच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एक कच्चा फाटा उजवीकडे एका दरीत शिरतो. त्या दरीत बावीस किलोमीटरवर तेजस्वीचा पूल होता. फाट्यावरच्या दुकानात मेस्त्रींनी तोंड धुतलं, केस विंचरले आणि मनात वाक्य जुळवलं: "इकडून चाल्लो होतो, म्हटलं बघावं." वाक्य चांगलं होतं. त्यात देश होता, योगायोग होता आणि माफी कुठेच नव्हती.

चौदा किलोमीटर झाले असतील. चढावर चेनने एक उडी घेतली, दुसरी घेतली, तिसरीला 'खाड' असा आवाज झाला आणि इंजिन मोकळंच ओरडू लागलं. चेन तुटून मागे धुळीत पडली होती, मेलेल्या मुडदुशी माशासारखी लांब.

मेस्त्री उतरले. सुटा जोड आपल्याजवळ आहे, असं स्वतःला सांगत त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत चेन ओढणाऱ्या चाकाला, स्प्रॉकेटला, दातच नव्हते. जिथे दात असायचे तिथे गुळगुळीत चकती होती. तिच्याभोवती काळा, जाडसर चिखल बसला होता. त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला, आणि चोळताक्षणीच ओळखला. पस्तीस वर्षं हा स्पर्श त्यांच्या बोटांत होता. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला ते जी पेस्ट वापरत, तेलात कालवलेली बारीक कचकच, जी पोलादालाही खाते, तीच ही. फरक एवढाच की ती दुकानातून आणलेली नव्हती. ही त्यांनी स्वतः, रोज नेमाने, आपल्या हातांनी तयार केली होती.

दोष द्यायला त्यांनी आजूबाजूला बघितलं. सवयच ती. डिझेल नव्हतं, तांडेल नव्हता, समुद्र तर अडीच हजार किलोमीटर लांब. दरीत वारा वाहत होता आणि वर दोन काळे पक्षी फिरत होते. मेस्त्री एका दगडावर बसले आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग हसू थांबलं, कारण आता त्या सुंदर वाक्याचं काय करायचं? तुटकी चेन हातात घेऊन 'इकडून चाल्लो होतो' कसं म्हणणार?

फोनला रेंज नव्हती. त्यांनी गाडी ढकलायला घेतली. दहा पावलं ढकलावं आणि वीस श्वास घ्यावेत, असं करत वळण ओलांडलं तर रस्त्यावर दगड फोडणाऱ्या माणसांची टोळी दिसली. झारखंडची माणसं. त्यांचा मुकादम सोमरा धावत आला, गाडी धरली, मेस्त्रींना बसवून गोड काळा चहा दिला.

"कहाँ जाना है, चाचा?"

"वो आगे. पूल."

"हमारा पुल? मॅडमवाला?" सोमराचा चेहरा उजळला. मग त्याने न विचारता सगळं सांगितलं. आमची मॅडम एवढीशी आहे, पण गेल्या साली नदी चढली तेव्हा कमरेला दोर बांधून स्वतः पाण्यात उतरली होती. ठेकेदाराने आम्हाला पातळ गोधड्या दिल्या तर त्याच्याशी असं भांडली, की तो दोन दिवसांत चांगल्या घेऊन आला. थंडीत सगळे इंजिनियर खाली पळाले, ही नाही गेली. मेस्त्री चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत होते. लेकीचा अभिमान मनात भरत होता, आणि त्याच्या बरोबरीने लाजही भरत होती.

"आप कौन लगते हो उनके?" सोमराने विचारलं. मेस्त्रींनी ग्लासात बघितलं.

तेवढ्यात वरून एक रिकामा डंपर आला. सोमराने तो थांबवला. ड्रायव्हर थेट रामपूरला चालला होता. गाडी मागे टाकतो, तिथे नवी चेन मिळेल, बसवून चार दिवसांत या परत, असं तो म्हणाला. मेस्त्रींच्या मनाने उडीच मारली. चार दिवसांनी गाडी धुऊन-पुसून, गुणगुणत यायचं आणि ते वाक्य म्हणायचं. तिला कधी कळणारसुद्धा नाही. दोघातिघांनी गाडीला हातही घातला.

"थांबा," मेस्त्री म्हणाले. त्यांनाच आपला आवाज परका वाटला. "रहने दो. तुम जाओ."

डंपर गेला. मग सोमराने कमरेचा वॉकीटॉकी काढला. साइटवरच्या सगळ्या टोळ्या, क्रेनवाले, सिमेंटवाले, सगळ्यांचा एकच चॅनल होता. "मॅडम, सोमरा बोल रहा हूँ. इधर एक बूढ़ा बाइकवाला फँसा है. चेन टूट गया. गाडी का नंबर एमएच आठ. ओव्हर."

पलीकडे खरखर झाली.

"मॅडम?"

"उनको पूछो," तेजस्वीचा आवाज आला, घोगरा, "खाना खाया क्या. ओव्हर."

सोमराने मेस्त्रींकडे वळून विचारलं, "मॅडम पूछती है, खाना खाया?"

"उसको बोलो, खाया," मेस्त्री सवयीने म्हणाले, आणि थबकले. अडीच हजार किलोमीटर येऊनही सगुणा मधे बसलीच होती. फक्त या खेपेला तिला मिशा होत्या. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं ते."

बोटींवरचा वायरलेस त्यांनी हजार वेळा हाताळला होता. बटण दाबून धरलं तर आपण बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. बटण सोडेपर्यंत मधे कोणी शिरू शकत नाही. त्यांनी ते दाबलं.

"तेजू, बापूस बोलतोय. मधे कोण नाय आता. तेल लावायला नको होतं. तू बोललीस ते बरोबर व्हतं. चेन गेली ती माझ्या हातानं गेली. चुकलो मी." शब्द बाहेर पडला आणि आभाळ जागच्या जागी राहिलं. मग त्यांना धीर आला. "आणिक एक. म्हयन्यात परत येशील बोल्लो, ते पण चुकलो. स्टेशनवर आलो नाय, ते त्याहून चुकलो. पयला म्हयना रोज वाट बघली, की तू परत येशील नि माझं खरं ठरंल. त्याच्यानंतर वाट बघली ती नुसती तुझी. तुला परत यायला जमत नव्हतं, म्हणून मीच आलो. देश-बिश काय बघायचा नव्हता. ओव्हर."

बटण सोडलं. सबंध साइटने हे ऐकलं होतं आणि कळलं कोणालाच नव्हतं. पण आवाजावरून माणसाला बरंच काही कळतं. सोमराच्या टोळीतले हातोडे थांबले होते. वॉकीटॉकीवर कुठलासा क्रेनवाला दबकत म्हणाला, "मॅडम, आप ठीक हो?"

"चॅनल खाली करो सब," तेजस्वी म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, तिथेच बसा. गाडी ढकलू नका, श्वास लागेल. येतेय मी. ओव्हर."

आठ किलोमीटर यायला तिला वीस मिनिटं लागली. पिकअप नीट थांबायच्या आतच ती उतरली. पिवळं हेल्मेट, सोललेलं नाक, आईसारखी चाल. उन्हाने इतकी रापली होती, की मेस्त्रींना ओळखायला एक क्षण लागला आणि त्या एका क्षणाचं त्यांना फार वाईट वाटलं. तिने वाकून नमस्कार केला, त्यांनी तिला मधेच धरलं, आणि मग दोघंही रडले. काही न लपवता, रस्त्याच्या मधोमध. सोमराच्या माणसांनी शहाण्यासारखी पाठ फिरवली.

तेजस्वीने डोळे पुसले आणि गाडीपाशी उकिडवी बसली. स्प्रॉकेट बघितलं, बोट लावलं, बोटावरचा काळा चिखल वडिलांसमोर धरला.

"बोल्लो ना, चुकलो," मेस्त्री म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला बरंच सोपं गेलं.

ती उठून पिकअपच्या पुढल्या सीटवरून एक खोका घेऊन आली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, कोरी करकरीत, बरोबर त्यांच्या गाडीची. मेस्त्रींनी खोका उलटा केला, सुलटा केला.

"हे... इकडं मिळतं?"

"रामपूरहून मागवलं."

"आता मी बोललो आणि तू लगेच...?"

"तुम्ही चिपळूणला चहा प्यायलात ना, त्या दिवशी मागवलं." तेजस्वी आता हसायला लागली होती. "तेल फासणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ दिवस गाडीत घेऊन फिरतेय. रोज त्या फाट्यापर्यंत येऊन बघून जाते."

रोज. फाट्यापर्यंत. म्हणजे दोन्ही टोकांना वाटच बघणं चाललं होतं आणि मधे रस्ता तेवढा रिकामा होता. त्यांनी खोका छातीशी धरला.

"अजून एक सेट आणून ठेवलाय," तेजस्वी म्हणाली. "परतीच्या प्रवासाला."

"परत जायची घाई कोणाला हाय?" मेस्त्री म्हणाले. "आधी तुझा पूल दाखव."